बॅटरीचे मरण आणि मोटारीचा जमाखर्च

इतिहास लिहिणारे लोक वस्तूंचे जन्म मोठ्या हौसेने सांगतात. पहिली मोटार कोणी केली, विजेचा पहिला दिवा कोणत्या शहरात लागला, पहिली आगगाडी किती वाजता सुटली, हे सगळे त्यांना तोंडपाठ असते. पण त्याच वस्तू जुन्या झाल्यावर त्यांचा एखादा भाग निकामी झाला, तो बदलायला किती पैसे पडले आणि ते कोणाच्या खिशातून गेले, याची नोंद फारशी कोणी ठेवत नाही. संसार करणाऱ्या माणसाला मात्र हाच इतिहास अधिक जवळचा. गाडी घरी येते तेव्हा आपण पेढे वाटतो. गाडी दुरुस्तीला जाते तेव्हा शेजाऱ्यांना कळूही देत नाही.

यंदा दिवाळीच्या निमित्ताने असाच एका खर्चाचा इतिहास वाचकांपुढे मांडावा असे मनात आहे. हा खर्च म्हणजे हायब्रिड मोटारीची बॅटरी बदलण्याचा. ‘हायब्रिड’ म्हटले की माझ्या पिढीला आधी ज्वारी आठवते. १९६० नंतरच्या दशकात ती आपल्या शेतांत आली आणि तिच्या भाकरीच्या चवीवरून घरोघर वाद झाले. मोटारीच्या बाबतीतही अर्थ तोच, दोन कुळांचा संकर. या गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि विजेची मोटरही असते. ब्रेक लावला की एरवी उष्णता होऊन वाया जाणारा जोर विजेच्या रूपाने बॅटरीत साठतो, आणि गाडी पुन्हा उचलताना तीच वीज कामी येते. पेट्रोल वाचते ते अशा रीतीने. पण पेट्रोलमध्ये थेंबाथेंबाने वाचलेले पैसे एक दिवस बॅटरी एकरकमी परत मागणार, ही भीती या गाड्यांच्या मालकांना पहिल्यापासून आहे.

बॅटरी म्हणजे काय, हे आपल्याला शाळेतल्या शास्त्राच्या पुस्तकाने शिकवले नाही तेवढे भारनियमनाने शिकवले. घरोघर इन्व्हर्टर आले आणि त्यांच्यामागोमाग शिशाची ती काळी, अवजड पेटी आली. तिला डिस्टिल्ड वॉटर पाजायचे, तिचे टर्मिनल पुसायचे, आणि इतके लाड करूनही तीन-चार वर्षांनी ती बसायची ती बसायचीच. इंजिन झिजते, पण ते खोकत, धूर ओकत, चार वर्षे आधी सूचना देऊन झिजते. बॅटरीचे तसे नाही. तिच्या आत रसायनांची घडामोड चाललेली असते, प्रत्येक भरण्या-उतरण्यात त्या रसायनांचा थोडा थोडा अंश कायमचा निकामी होत जातो, आणि बाहेरून पेटी जशी होती तशीच दिसते.

माझा एक भाचा न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडे बारा वर्षांची एक हायब्रिड गाडी. गेल्या वर्षी तिच्यापुढच्या तबकडीवर लाल त्रिकोण उजळला आणि कारखान्यातल्या माणसाने नव्या बॅटरीचा आकडा सांगितला: मजुरी धरून साडेतीन हजार डॉलर. गाडी विकायला काढली तर पाच हजार यायचे. भाच्याने रात्री फोन केला. म्हणाला, “मामा, तू इतिहासाचा माणूस. असला पेच पूर्वी कोणाला पडला होता का रे?”

मी म्हटले, “पडला होता. सव्वाशे वर्षांपूर्वी, आणि तुझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर.”

ती वाट न्यूयॉर्कची. पण तिथे जाण्याआधी दोन सनावळ्या सांगून ठेवतो. शिशाच्या पाट्या गंधकाम्लात बुडवून वीज साठवता येते आणि ती पुन्हा पुन्हा भरता येते, हे फ्रान्समधल्या गास्तों प्लांते याने १८५९ साली दाखवून दिले. १८८१ साली त्याच्याच देशबांधवाने, कामिय फोर याने, पाट्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची युक्ती काढली आणि ही बॅटरी व्यापाराच्या उपयोगाची झाली. लेपामुळे वीज पुष्कळ साठू लागली, पण तो लेप हादऱ्यांनी सुटतो, पोपडे धरतो आणि पेटीच्या तळाशी गाळ होऊन बसतो. न्यूयॉर्कच्या दगडी फरसबंदीवरून भरीव टायरांची गाडी धावू लागली, की लेपाचे काय होत असेल ते सांगायला नको.

तरीही १८९७ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर भाड्याच्या विजेच्या गाड्या धावू लागल्या. मॉरिस आणि सॅलम या फिलाडेल्फियाच्या जोडीने त्या बनवल्या होत्या. लवकरच हा धंदा आयझॅक राइस याच्या हाती आला आणि त्यातून ‘इलेक्ट्रिक व्हेईकल कंपनी’ उभी राहिली. राइस हा फिलाडेल्फियाच्या ‘इलेक्ट्रिक स्टोरेज बॅटरी कंपनी’चाही सूत्रधार. म्हणजे गाडी त्याची आणि गाडीत झिजणारी बॅटरीही त्याचीच! एका गाडीतली बॅटरी अर्ध्या टनाहून जड. ती उतरली की गाडी ब्रॉडवेवरच्या ठाण्यात येई, यंत्राने जुनी पेटी बाहेर ओढली जाई, भरलेली पेटी आत सरकवली जाई आणि काही मिनिटांत गाडी पुन्हा रस्त्यावर. पूर्वी डाकेच्या मार्गावर टप्प्याटप्प्याला घोडे बदलत, तसाच हा प्रकार. आज बॅटरी बदलून देणारी ठाणी ही नवी कल्पना म्हणून आपल्याला सांगितली जाते, तेव्हा मला ब्रॉडवेवरचे ते ठाणे आठवते.

या व्यवस्थेतली खुबी अशी की बॅटरीच्या मरणाचा खर्च उतारूला दिसत नव्हता. तो भाडे देई आणि उतरून जाई. झीज कंपनीच्या वहीत पडे. पण वही कोणाची का असेना, बेरीज चुकत नाही. १८९९ साली विल्यम व्हिटनी आणि इतर धनिकांनी या कंपनीत पैसा ओतला, शहराशहरांत गाड्या उतरवण्याचे बेत झाले, आणि विरोधी वृत्तपत्रे तिला ‘शिशाच्या गाड्यांचा मक्ता’ म्हणून हिणवू लागली. पुरेशी माहितगार माणसे नाहीत, गाडीवान बॅटरी पार तळापर्यंत उतरवून आणतात, पाट्या लवकर खराब होतात, नव्या पाट्यांचा खर्च भाड्यातून निघत नाही. १९०७ साली कंपनीने दिवाळे काढले. त्याला कारणे पुष्कळ होती, त्यांत शेअरबाजारातल्या उलाढालीही होत्या. परंतु बॅटरीला जपणारे कोणी नसले की तिचा खर्च कसा वाढतो, हे त्या धंद्याने आपल्या पैशांनी शिकून घेतले.

हाच खर्च नीट हिशेबात बसवून दाखवला तो कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावच्या वीज कंपनीने. मला या सगळ्या इतिहासात हार्टफर्डचा प्रयोग सर्वांत शहाणपणाचा वाटतो आणि तोच सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे. १९१० नंतर या कंपनीने विजेच्या मालमोटारींसाठी एक योजना काढली. मालकाने गाडी बॅटरीवाचून विकत घ्यायची. बॅटरी वीज कंपनीची. मालकाने दरमहा एक ठरीव रक्कम भरायची आणि शिवाय जितके मैल गाडी पळेल तितके पैसे द्यायचे. उतरलेली बॅटरी कंपनी बदलून देणार आणि ती मेली तर कंपनीच सुतक धरणार. बॅटरी आपली असल्यामुळे कंपनीचे लोक तिची काळजी घेत. १९२४ पर्यंत ही सेवा चालली आणि तेवढ्या काळात तिच्या गाड्या साठ लाख मैलांहून अधिक धावल्या. पुढे पेट्रोलच्या गाड्या स्वस्त झाल्या, विजेच्या मालमोटारींना गिऱ्हाईक उरले नाही आणि योजना बंद पडली. योजनेत खोट नव्हती. बाजारच दुसरीकडे निघून गेला.

तिकडे न्यू जर्सीतच एक गृहस्थ निराळ्या दिशेने विचार करीत होते. टॉमस एडिसन यांना शिशाच्या बॅटरीचा मनस्वी तिटकारा. बॅटरीच्या मरणाचा खर्च कोणी सोसायचा हा वाद घालण्यापेक्षा न मरणारी बॅटरीच करू, असे त्यांनी मनावर घेतले. शिशाऐवजी निकेल आणि लोखंड, गंधकाम्लाऐवजी दाहक पोटॅशचे पाणी, आणि हे सारे निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी डब्यात. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हाही त्याच वाटेने चालला होता. १९०१ साली एडिसन यांनी बॅटरीची घोषणा केली, १९०३-०४ मध्ये ती बाजारात आली, आणि लगेच डबे गळू लागले, काहींची ताकद उतरू लागली. एडिसन यांनी उत्पादन थांबवले, विकलेला माल परत घेतला आणि पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन बसले. सुधारलेली बॅटरी यायला १९०९ साल उजाडले.

ही दुसरी बॅटरी खरोखरच चिवट निघाली. ती पार उतरवा, महिनोन्‌महिने तशीच ठेवा, हादरे द्या, तिला काही होत नाही. तिच्यातले काही घट अनेक दशकांनंतरही संग्राहकांकडे काम देत राहिले. पण तिची किंमत! ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही त्या काळची नामांकित विजेची मोटार. हेन्री फोर्डची पत्नी क्लारा हीच मोटार वापरीत असे. (नवरा पेट्रोलच्या गाड्यांनी जग भरून टाकतो आहे आणि बायको घरात विजेची गाडी ठेवते, हा संसारातला विनोद मला नेहमी मौजेचा वाटत आला आहे.) या मोटारीत शिशाऐवजी एडिसनची बॅटरी हवी असेल तर सहाशे डॉलर जादा पडत. आणि १९१३ च्या सुमारास फोर्डची अख्खी ‘मॉडेल टी’ साडेपाचशे-सहाशे डॉलरला मिळत होती. न मरणाऱ्या बॅटरीच्या किमतीत दुसरी मोटारच दारात उभी राहत असेल, तर अमरत्व विकत घेणार कोण?

एडिसनच्या बॅटरीला पुढे चांगले दिवस आले, पण मोटारीत नव्हे. आगगाडीच्या डब्यांतले दिवे, रेल्वेचे सिग्नल, खाणकामगारांच्या टोपीवरचे दिवे, अशा ठिकाणी तिने इमानाने चाकरी केली. १९७२ साली तिचा कारखाना ‘एक्साइड’ने विकत घेतला आणि १९७५ मध्ये ती बनवणेच बंद केले. ‘एक्साइड’ म्हणजे आयझॅक राइसच्याच त्या शिशाच्या बॅटरी कंपनीचा पुढचा अवतार. आपल्याकडच्या पेट्यांवर दिसते ते नाव तेच असले तरी कंपनी निराळी. वारंवार बदलावी लागणारी बॅटरी विकणाऱ्याने सहसा न बदलावी लागणारी बॅटरी विकत घेऊन बंद केली, यात कपट शोधण्याचे कारण नाही. तिला मागणी उरली नव्हती. पण योगायोग मोठा बोलका आहे.

आता संकराकडे वळू. बॅटरी जड आहे, महाग आहे आणि लवकर मरते, तर मग ती लहानच ठेवावी आणि तिच्या जोडीला इंजिन द्यावे, ही युक्ती सुचायला फार काळ लागला नाही. फर्डिनांड पोर्श या तरुण यंत्रज्ञाने व्हिएन्नाच्या लोहनर कंपनीसाठी चाकांतच विजेच्या मोटर बसवलेली गाडी केली होती. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तिने नाव मिळवले, पण तिची बॅटरी चारशे किलोंच्या वर होती. म्हणून पोर्शने लगोलग दुसरी गाडी केली. तिच्यात पेट्रोलचे इंजिन जनित्र फिरवी आणि बॅटरी लहान झाली. नाव ठेवले ‘सेम्पर व्हिव्हस’, म्हणजे नित्य जिवंत. बॅटरीच्या मरणाची धास्ती या नावातच दिसते. अमेरिकेत शिकागोच्या वूड्स कंपनीने १९१६ च्या सुमारास ‘ड्युअल पॉवर’ नावाची दुहेरी गाडी काढली. किंमत २,६५० डॉलर आणि वेग बेताचा. दोन वर्षांत तिचा कारभार आटोपला. त्याआधीच, १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग याचा विजेचा स्टार्टर आला होता. हँडल मारण्याचा त्रास संपला आणि विजेच्या गाडीचे शेवटचे मोठे आकर्षणही संपले. बॅटरी मोटारीत राहिली, पण केवळ इंजिन जागे करणारी चाकर म्हणून. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे मोटारीच्या इतिहासात बॅटरीला फारसे मानाचे पान नाही.

ते पान पुन्हा मिळाले जपानात. १९९३ साली टोयोटा कंपनीत पुढच्या शतकाच्या मोटारीचा विचार सुरू झाला. त्या कामाचे प्रमुख ताकेशी उचियामादा. १९९५ च्या अखेरीस चाचणीची गाडी तयार झाली, आणि ४९ दिवस जागची हलली नाही! शेवटी हलली तेव्हा काहीशे मीटर जाऊन थांबली. सर्वांत मोठी डोकेदुखी बॅटरीचीच होती. उन्हाने तापे, थंडीने आखडे. शिसे जड, म्हणून निकेल आणि धातूंचे हायड्राइड वापरणारी नवी बॅटरी घेतली होती. अमेरिकेत स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांनी आणि जपानी कारखानदारांनी ती १९८० नंतरच्या दशकात व्यवहारात आणली होती. डिसेंबर १९९६ मध्ये टोयोटा आणि मात्सुशिता यांनी केवळ या बॅटरीसाठी एक संयुक्त कंपनी काढली. डिसेंबर १९९७ मध्ये ‘प्रियस’ विक्रीला आली. किंमत २१ लाख ५० हजार येन. त्या पहिल्या गाडीत टॉर्चच्या मोठ्या सेलच्या आकाराचे २४० सेल होते. २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या गाडीत चपट्या आकाराचे २८ संच, प्रत्येकात सहा सेल, प्रत्येक संच किलोभर वजनाचा.

या बॅटरीत वीज मावते किती? जेमतेम सव्वा युनिट. घरातली हजार वॅटची इस्त्री सव्वा तास चालेल, एवढीच. पण खरी हुशारी याच्याही पुढे आहे. त्या सव्वा युनिटातला अर्धा भागही गाडी वापरत नाही. बॅटरी कधी काठोकाठ भरायची नाही आणि कधी तळापर्यंत उतरवायची नाही. साधारण चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान तिला खेळवत ठेवायचे, असा बंदोबस्त गाडीतला संगणक करतो. आमच्या आजीचा दाण्याच्या कणगीबद्दल असाच नियम होता. न्यूयॉर्कचा गाडीवान जी बॅटरी निष्काळजीपणाने तळापर्यंत ओरबाडत होता, तिच्यावर इथे चोवीस तास पहारा बसला. हार्टफर्डच्या कंपनीने माणसे ठेवून जे साधले, ते टोयोटाने यंत्राला शिकवले.

तरी गिऱ्हाइकाची खात्री पटेना. विशेषतः अमेरिकेत. बॅटरी मेली तर काय, हा प्रश्न प्रत्येक दुकानात विचारला जाई. उत्तर म्हणून कंपनीने हमी दिली: आठ वर्षे किंवा एक लाख मैल. कॅलिफोर्निया राज्याने याहून पुढची पायरी गाठली. हवा स्वच्छ ठेवण्याचे नियम करताना त्याने या बॅटरीलाही धुराच्या नियंत्रणाचाच एक भाग मानले, आणि त्या नियमांत बसणाऱ्या गाड्यांना दहा वर्षे किंवा दीड लाख मैल हमी देणे भाग पडले. पुढे २०२० पासूनच्या गाड्यांसाठी टोयोटाने तीच मुदत साऱ्या अमेरिकेला लागू केली. हमी म्हणजे तरी काय? हार्टफर्डचा मासिक हप्ता गाडीच्या किमतीत आधीच मिसळून टाकायचा, एवढाच फरक.

आणि बॅटऱ्या टिकल्या. २०११ साली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकन ग्राहक नियतकालिकाने दोन लाख मैलांहून अधिक धावलेली २००२ सालची एक प्रियस तपासली. आपण दहा वर्षांपूर्वी तपासलेल्या कोऱ्या गाडीशी तिची तुलना केली. एका गॅलनमध्ये जुनीही चाळीस मैलांच्या वर गेली आणि नवीही, फरक नावाला. बॅटरी मूळचीच. त्या वेळी नवी बॅटरी कंपनीच्या दुकानात सव्वादोन ते अडीच हजार डॉलरच्या आसपास मिळत होती आणि मोडीतल्या गाडीतून काढलेली पाचशेच्या सुमारास.

अडीच हजार डॉलर सव्वा युनिटाच्या बॅटरीला, म्हणजे युनिटामागे दोन हजार डॉलरच्या घरात. दुसरीकडे विजेवर चालणाऱ्या पूर्ण मोटारींच्या लिथियम बॅटरीचा दर २०१० मध्ये युनिटामागे हजार डॉलरच्या वर होता, तो २०२४ मध्ये सव्वाशेच्याही खाली आला. मग हायब्रिडची लहानशी पेटी एवढी महाग का? कारण त्या पेटीत सेल थोडे आणि सरंजाम फार. सेलना वारा घालणारा पंखा, पहारा ठेवणारी तारायंत्रे, जोराची वीज तोडणारे खटके, आणि ते सगळे उघडण्या-बसवण्याची शिकलेल्या माणसाची मजुरी. दोन माणसांचा स्वयंपाक करा की दहांचा, चूल तेवढीच पेटवावी लागते.

शिवाय २८ संचांपैकी सगळे एकदम मरत नाहीत. पूर्वी काळ्या जमिनीत सहा-आठ बैलांचा नांगर धरत. त्यात एक बैल थकला तर उरलेल्यांचे बळ असून नसल्यासारखे. हायब्रिड बॅटरीतले संच असेच एकामागे एक जुंपलेले असतात. एखादाच संच, बहुधा मधला, जास्त तापणारा, मान टाकतो आणि तबकडीवर लाल त्रिकोण उमटतो. कंपनीचा कारखाना नियमाप्रमाणे सगळी पेटी बदलतो. बाहेरचे कारागीर मात्र पेटी उघडून एक एक संच मोजतात, मेलेला काढतात आणि दुसऱ्या जुन्या गाडीतला बसवतात. हा उपाय स्वस्त, पण म्हाताऱ्या बैलांत एक बरा बैल जुंपला तर दुसरा कोणी तरी चार महिन्यांत बसतो. म्हणून चांगले कारागीर सगळे संच पुन्हा पुन्हा भरून-उतरवून, सारख्या ताकदीचे निवडून, जुळवलेली पेटी देतात. माझ्या भाच्याने शेवटी तशीच घेतली, दीड हजारात, एका वर्षाच्या हमीवर. पंख्याची जाळी उघडली तेव्हा तिच्यात त्यांच्या कुत्र्याचे केस नि धुळीचा गोळा निघाला. मागच्या सीटजवळच्या त्या जाळीतून बॅटरीला वारा मिळतो. ती दर दिवाळीला घराबरोबर झाडली असती तर बॅटरी आणखी काही वर्षे तगती, असे त्या कारागिराचे मत पडले. दिवाळीचे नाव अर्थात त्याने घेतले नाही, ते मी घातले.

जुन्या बॅटरीलाही मोल असते. तिच्यात निकेल असते, कोबाल्ट असते, लँथनमसारखे दुर्मीळ धातू असतात. ती उकिरड्यावर जाऊ नये म्हणून टोयोटाने अमेरिकेत परत आलेल्या प्रत्येक बॅटरीमागे दोनशे डॉलर देऊ केले आणि पेटीवरच फोनचा आकडा छापला. दारावर येणारी बोहारीण जुनी लुगडी घेऊन भांडे देई, त्यातलाच हा व्यवहार. फरक इतकाच की बोहारणीशी घासाघीस करता येई.

पण सगळ्या गाड्या तिथेच म्हाताऱ्या होत नाहीत. जपानात नव्या मोटारीची सरकारी तपासणी पहिल्यांदा तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते. तिचा खर्च नको म्हणून लोक चांगल्या चालत्या गाड्या विकून टाकतात. त्या जहाजांत चढतात आणि देशोदेशी जातात. आपल्या शेजारी श्रीलंकेत हायब्रिडवर कर कमी होता त्या वर्षांत त्या मोठ्या संख्येने उतरल्या. मंगोलियाची राजधानी उलानबातर येथे तर रस्ता ओलांडताना पाचपन्नास प्रियस दिसतात. तिथे हायब्रिडला आयात करात सूट. शिवाय उणे तीस अंशांच्या थंडीत जिथे इतर गाड्या सकाळी उठत नाहीत, तिथे ही उठते असा लोकांचा अनुभव. त्या गाड्यांची हमी जपानातच संपलेली असते. पहिल्या मालकाने पेट्रोल वाचवले, दुसऱ्याने कमी किमतीत गाडी नेली, आणि बॅटरी मरते ती तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या अंगणात. तोच सगळ्यांत गरीब असतो. ती मेलेली पेटी गाळून निकेल काढणारे मोठे कारखाने जपानात आहेत, त्याच्या गावात नाहीत. हार्टफर्डच्या मालमोटारवाल्याला बॅटरीचे सुतक कधी धरावे लागले नाही. उलानबातरच्या टॅक्सीवाल्याला ते एकट्याने धरावे लागते.

आपल्याकडे ही गाडी उशिरा आणि थोड्यांकडे आली. २००८ साली होंडाने ‘सिव्हिक हायब्रिड’ साडेएकवीस लाखांना आणली. कोणी घेईना, तेव्हा त्याच वर्षी किंमत आठ लाखांनी उतरवली आणि गाड्या हातोहात गेल्या. २०१० मध्ये प्रियस आली, तीही श्रीमंतांपुरतीच. मध्यमवर्गाच्या आवाक्याच्या आसपास हायब्रिड आली ती २०२२ मध्ये. आधी होंडाची ‘सिटी’, मग टोयोटाची ‘हायरायडर’ आणि मारुतीची ‘ग्रँड व्हिटारा’. यांच्या बॅटऱ्या लिथियमच्या, हमी आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने बॅटरीच्या कचऱ्याचे नियम काढले आणि निकामी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी ती बाजारात आणणाऱ्यावर टाकली.

म्हणजे २०२२ च्या दसऱ्याला तोरण बांधून, नारळ फोडून दारात आलेल्या गाड्यांची बॅटरीची हमी २०३० च्या दसऱ्याला संपेल. ज्यांची गाडी रोज पुणे-मुंबई करते त्यांची किलोमीटरांच्या हिशेबाने त्याच्या कितीतरी आधी. तोवर त्यांतल्या पुष्कळ गाड्या दुसऱ्या मालकाकडे गेलेल्या असतील. जुनी हायब्रिड घ्यायला निघालेल्या वाचकाने रंग, टायर आणि गाडी किती धावली हे पाहून झाले की गाडीचा पहिल्या विक्रीचा कागद मागावा, हमीची तारीख वहीत टिपून ठेवावी, आणि बॅटरीला वारा नेणारी जाळी कुठे आहे ते विचारून ती उघडून पाहावी.